हत्तीच्या वाटेवर दोन दिवस: बेळगाव-खानापुराहून दांडेली-जोयड्याच्या जंगलात जाताना

आमच्या खानापूर भागात हत्ती बघायला कुणी जात नाही, हत्तीच येतो. सुगीला भात कापून खळ्यावर आलं की रात्री कुठेतरी फटाके वाजतात, डबे बडवले जातात आणि सकाळी बांधावर परातीएवढे ठसे दिसतात. पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना मात्र त्याचं भारी अप्रूप. दिवाळीपासून फोन सुरू होतात: "दादा, दांडेलीला हत्ती दिसतो का रे? पोरांना दाखवायचाय." दरवर्षी चार-पाच जणांना जे फोनवर सांगतो, तेच इथे एकदा सविस्तर लिहून काढतो.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. हत्ती दिसेलच अशी हमी इथे कुणी देत असेल, तर तो तुम्हाला फसवतोय. २०२३ च्या गणनेत कर्नाटकात ६,३९५ हत्ती मोजले गेले, देशात सगळ्यांत जास्त. पण त्यांतले बहुतेक दक्षिणेला नागरहोळे, बंडीपूर, बिळिगिरीरंगन डोंगर या पट्ट्यात आहेत. आपल्याकडचे हत्ती म्हणजे पश्चिम घाटातल्या हत्तींचं उत्तरेचं शेवटचं टोक. थोडेसे कळप आणि काही एकटे नर. पोरांना नक्की हत्ती दाखवायचा असेल तर एप्रिल-मेमध्ये सरळ म्हैसूर गाठा आणि कबिनीच्या फुगवट्याकडे जा. तिथे उन्हाळ्यात पाण्यावर कळपच्या कळप जमतात. दांडेलीला यायचं ते जंगल बघायला आणि हत्तीची वाट ओळखायला. नशीब असेल तर तो स्वतः दिसेल.

कुठलं जंगल?

लोक सरसकट 'दांडेली' म्हणतात, पण त्यात दोन जंगलं आहेत. दांडेली अभयारण्य १९५६ चं आणि अणशी राष्ट्रीय उद्यान १९८७ चं. २००७ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१५ मध्ये त्याला काळी नदीचं नाव मिळालं. त्याच वर्षी दांडेली हत्ती राखीव क्षेत्रही जाहीर झालं. जिल्हा कारवारचा, म्हणजे उत्तर कन्नड. दांडेलीची बाजू थोडी मोकळी, साग आणि कळकाची, म्हणजे बांबूची, बेटं असलेली. कळक म्हणजे हत्तीचं जेवणच, त्यामुळे हत्तीच्या दृष्टीने ही बाजू बरी. अणशीची बाजू दाट, सदाहरित, उभ्या उताराची. तिथे दहा पावलांवरचा हत्तीसुद्धा झाडीत लपून जाईल.

खानापूर तालुक्यातलं भीमगड अभयारण्य २०१० मध्ये जाहीर झालं. म्हादईचा उगम, शिवकालीन किल्ला, बारापेडेच्या गुहेतली दुर्मीळ वटवाघळं, सगळं त्यात आलं. हत्ती तिथूनही ये-जा करतात. पण कणकुंबी-हेमाडग्याच्या बाजूला धबधबा बघायला म्हणून परवानगीशिवाय आत घुसणारी टोळकी मला अजिबात आवडत नाहीत. वन खात्याचे लोक अडवतात आणि ते बरोबरच करतात. पहिल्या खेपेला दांडेलीच धरा.

कधी जायचं

पावसाळा सोडून द्या. जून ते सप्टेंबर आतल्या वाटा चिखलात जातात, जळवा पायाला चिकटतात आणि अणशी घाटात दरडी येतात. पाऊस बघायचा असेल तर ती गोष्ट वेगळी.

नोव्हेंबर ते जानेवारी हवा सुंदर असते. पण नेमके याच दिवसांत हत्ती जंगलाबाहेर असतात. भात पोसवलं की दांडेलीकडून हल्याळ, पुढे यल्लापूर-मुंडगोडपर्यंत त्यांची फेरी असते आणि कापणी उरकली की माघारी वळतात. म्हणजे तुम्ही जीपमधून जंगल पालथं घालताय आणि हत्ती कुणाच्या तरी उसात उभा आहे, असं होऊ शकतं. मार्च ते मे झाडं निष्पर्ण असतात, लांबचं दिसतं आणि जनावर पाण्याला धरून राहतं. घाम येतो, पण दिसण्याची शक्यता तेव्हाच जास्त. मला विचाराल तर मार्चचा दुसरा आठवडा. शाळांच्या परीक्षांमुळे गर्दीही नसते.

एक टाळा: माघी पौर्णिमेच्या आसपास उळवीच्या चन्नबसवण्णा या लिंगायत संतांची जत्रा असते. बेळगाव-धारवाडकडून बैलगाड्यांच्या रांगा जंगलातून उळवीला निघतात. जत्रा म्हणून जरूर बघा, डोळ्यांचं पारणं फिटतं. पण त्या दिवसांत जोयड्याच्या रस्त्यावर शांतता मिळणार नाही आणि राहायला जागाही मिळणार नाही.

वाट

बेळगावहून दांडेली कुठल्याही वाटेने शंभर किलोमीटरच्या आसपास पडते. एक वाट खानापूर, नंदगड, हल्याळ अशी. नंदगडला पाच मिनिटं थांबा. इंग्रजांविरुद्ध लढलेल्या कित्तूरच्या संगोळ्ळी रायण्णाला इथेच १८३१ साली फाशी दिली. समाधीवर वडाचं झाड आहे, लोक अजून नवस बोलतात. पुढे हल्याळपर्यंत भात आणि ऊस. हत्ती या बाजूला का उतरतो, ते गाडीच्या काचेतूनच कळतं.

दुसरी वाट खानापूर, लोंढा, रामनगर, जगलबेट करून गणेशगुडीला. ही जंगलातून जाते, म्हणून लोकांना आवडते. मी जाताना हल्याळवरून जातो आणि येताना जगलबेटवरून येतो, म्हणजे जंगलाचा रस्ता दिवसाउजेडी पदरात पडतो. रेल्वेने येणाऱ्यांनी लोंढा किंवा अळणावरला उतरावं आणि पुढची गाडी आधीच ठरवून ठेवावी. स्टेशनबाहेर टॅक्सी रांगेत उभ्या असतील असं समजू नये.

सगळ्यांत मोठा नियम वेळेचा आहे. सूर्य मावळायच्या आत मुक्कामी पोहोचा आणि उजाडायच्या आत बाहेर पडू नका. हत्ती रस्ता ओलांडतो तो बहुतेक संध्याकाळी आणि पहाटे. शनिवारी दुपारचं जेवण उरकून बारा-एकला बेळगाव सोडलं तर चारपर्यंत आरामात पोहोचता. आमचे एक दाजी बेळगावच्या कॅम्प भागात कुंदा, म्हणजे इथली मिठाई, घेण्यात तास घालवून पाचला निघाले आणि अंधारात जगलबेटच्या रस्त्याला लागले. पुढे काय झालं ते खाली सांगतो.

पेट्रोल खानापुरात भरा. रोख पैसे ठेवा. जोयडा तालुक्यात मोबाईलची रेंज कधी जाईल सांगता येत नाही, तेव्हा नकाशा आधी उतरवून घ्या आणि मुक्कामाच्या माणसाचा नंबर कागदावर लिहून ठेवा. हो, कागदावर.

मुक्काम

वन खात्याचा कुळगीचा निसर्ग कॅम्प दांडेलीपासून दहा-बारा किलोमीटरवर, झाडीतच आहे. तंबू आणि साध्या खोल्या. सरकारी जंगल लॉज दांडेलीत आणि गणेशगुडीला आहेत. गणेशगुडीचा खास पक्षी बघणाऱ्यांसाठी. दोन्हीकडे आरक्षण ऑनलाइन होतं आणि शनिवार-रविवार महिनाभर आधी भरतात.

बाकी उरले रिसॉर्ट आणि होम स्टे. इथे डोळे उघडे ठेवा. एका ठिकाणी आम्ही राहिलो होतो, नाव घेत नाही. रात्री अकरापर्यंत स्पीकर चालू, आणि सकाळी बघतो तर उरलेला भात मागच्या ओढ्यात टाकलेला. भाताचा आंबूस वास हत्तीला लांबून येतो. अशी जागा तुमच्यासाठीही धोक्याची आणि हत्तीसाठीही. म्हणून फोनवर चार प्रश्न विचारा: परवाना आहे का? रात्री स्पीकर लावता का? खरकटं कुठे टाकता? अंधार पडल्यावर पाहुण्यांना बाहेर फिरू देता का? शेवटच्या प्रश्नाला "फिरा की, काही होत नाही" असं उत्तर आलं तर दुसरीकडे चौकशी करा.

जोयड्याकडे कुणबी आणि गवळी कुटुंबांनी घरगुती सोय केलेली सापडते. तिथे जेवायला भाकरी, कुळथाचं सार आणि हंगामात कंदमुळं. जोयड्याच्या कुणब्यांची कंदमुळं नामांकित आहेत. आणि भाषेची अडचण नाही, मराठी-कोंकणी सगळीकडे चालते. पाट्या मात्र कन्नडमध्ये. एवढे शब्द लक्षात ठेवा: आने म्हणजे हत्ती, हुली म्हणजे वाघ, करडी म्हणजे अस्वल, होगबेडी म्हणजे जाऊ नका. कुणी रस्त्यात हात करून "आने इदे, होगबेडी" म्हणाला, तर वाद न घालता गाडी वळवायची.

सफारी

सफारी जीपमधून, वन खात्याच्या फाटकातून, सोबत वाटाड्या घेऊन. दांडेलीच्या बाजूला फणसोलीचं फाटक ठरलेलं. सकाळची आणि दुपारनंतरची अशा दोन फेऱ्या. वेळा आणि दर हंगामाप्रमाणे बदलतात, ते आदल्या दिवशी विचारून घ्या. सकाळची पहिली जीप धरा. ओळखपत्र लागतं.

कपडे खाकी, मातकट, काळपट हिरवे. पांढरा शर्ट घरी. अत्तर, सेंट नको. हत्तीची नजर बेताचीच, पण नाक असं की वारा तुमच्याकडून त्याच्याकडे असेल तर तुम्ही दिसायच्या आधी त्याला तुमची खबर लागते. भडंगाचा पुडा जीपमध्ये फोडू नका. प्लास्टिकच्या आवाजाने अर्धं जंगल सावध होतं आणि वाटाड्याच्या कपाळावर आठी पडते.

पहिल्यांदा गेलो तेव्हा तीन तासांत गवे, चितळ, एक शेकरू आणि धनेशाची जोडी दिसली. हत्ती नाही. मी तोंड पाडून बसलो. फाटकाजवळ वाटाड्यानं जीप थांबवली आणि खाली बोट दाखवलं. आम्ही जाताना जिथून गेलो होतो, तिथेच आमच्या चाकोरीवर हत्तीचा ताजा ठसा उमटला होता. "हत्ती बघायला आलासा खरं, हत्ती तुम्हाला बघून गेला की," तो म्हणाला. त्या दिवसापासून मी खाली बघून जंगल बघायला शिकलो.

खुणा वाचायच्या कशा

पुढच्या पायाचा ठसा गोल असतो, मागच्याचा लांबट. पुढच्या ठशाचा घेर दोरीने मोजा आणि दुप्पट करा: हत्तीची खांद्यापर्यंतची उंची जवळजवळ तेवढीच येते. घेर साडेचार फूट भरला तर नऊ फुटी हत्ती, म्हणजे बहुधा मोठा नर. पोरांना हा हिशेब फार आवडतो, पण तो वाटाड्याने जीपमधून उतरायला सांगितलं तरच. नखांच्या खुणा ज्या बाजूला, त्या बाजूला तो गेला.

लीद. मोठा हत्ती दिवसाला दीडशे किलोच्या आसपास चारा खातो आणि त्यातला निम्माही पचवत नाही, म्हणून लिदीत कळकाचे धागे, बिया जशाच्या तशा दिसतात. लीद ओली, हिरवट, वाफाळती, माश्या घोंघावणारी असेल तर हत्ती जवळपास आहे असं समजा. वरून सुकलेली आणि शेणकिड्यांनी पोखरलेली असेल तर कालची-परवाची. झाडाच्या खोडावर चिखल घासलेला दिसतो, त्याची उंची बघा. कळक मोडलेला असेल तर मोडलेल्या जागी ओल आहे का बघा.

आणि कान. शांत जंगलात कळक फुटल्याचा 'ठाक' असा आवाज आला, तर वाटाडे सगळ्यांत आधी बोलणं थांबवतात. कधी पोटातून यावी तशी घुमणारी गुरगुर येते. ती कळपाची आपसातली बोली. म्हाताऱ्या मादीच्या मागे चालणारा कळप असतो, त्यात माद्या आणि पिल्लं. नर बारा-पंधरा वर्षांचा झाला की कळप सोडतो. आपल्या भागातल्या बातम्यांत येणारे 'टस्कर', म्हणजे सुळेवाले, हे बहुतेक असे एकटे नर. सुळे फक्त नरालाच असतात, आणि ज्या नराला नसतात तो मखना. सुळे नाहीत म्हणजे मादी, असं समजून जवळ जाणं महागात पडतं.

रस्त्यात हत्ती आला तर

दाजींची गोष्ट इथेच सांगण्यासारखी. वळण संपलं आणि दिव्यांच्या झोतात राखाडी भिंत उभी. दाजींनी जोरात हॉर्न वाजवला. बेळगावच्या कॉलेज रोडवर जे चालतं ते इथेही चालेल, असं त्यांना वाटलं असावं. हत्तीने कान पसरले आणि दोन पावलं पुढे आला. मागच्या सीटवरच्या आत्या ओरडल्या नाहीत, हे आमचं नशीब. दाजींनी गाडी मागे घेतली, वीस मिनिटं अंधारात थांबले, हत्ती निघून गेला. घरी आल्यावर दाजी दोन दिवस गप्प होते.

काय करायला हवं होतं? हत्ती दिसला की लांबच थांबायचं, शंभर मीटर तरी. हॉर्न नाही. दिवे मंद करायचे, झोत डोळ्यांवर मारायचा नाही. इंजिन चालू ठेवायचं, पण रेस करायची नाही. काचा वर. कुणी खाली उतरायचं नाही, मोबाईल बाहेर काढायचा नाही, फ्लॅश तर अजिबात नाही. मागे जागा असेल तर हळू मागे घ्यायची. रस्ता मोकळा झाला म्हणून लगेच निघायचं नाही. एक हत्ती ओलांडून गेला की मागे पिल्लू आणि त्याची आई असू शकते. कळपाच्या मधून गाडी घालणं ही सगळ्यांत मोठी चूक. पाच-दहा मिनिटं थांबा, मग निघा.

हत्तीचा मूड कानांवरून कळतो. कान लयीत हलतायत, सोंड चरण्यात गुंतलीय: तो आपल्या कामात आहे. कान ताठ पसरलेले, सोंड उंचावून वास घेतोय, पुढचा पाय हलवतोय, माती उडवतोय: हा इशारा. अनेकदा तो चीत्कार करत, कान पसरून थोडं धावून येतो आणि थांबतो. घाबरवायचं असतं त्याला. कान मागे चिकटवून, सोंड आत वळवून, आवाज न करता येतो तो खरा हल्ला. डोळा आणि कानाच्या मधून काळपट ओघळ वाहताना दिसला आणि मागचे पाय ओले दिसले, तर तो माजावर आलेला नर. त्याच्याशी कसलाही प्रयोग नको.

दुचाकीवर असाल तर लांबूनच वळवा. पायी सापडलात तर पाठ दाखवून धावू नका. त्याच्याकडे बघत, वाऱ्याचा अंदाज घेत मागे सरका, जाड झाडांची आड घ्या. मागे लागलाच तर पिशवी, टोपी, शर्ट काहीतरी टाका. तो त्यावर थांबला तर तेवढे क्षण मिळतात. हत्ती ताशी २५ किलोमीटरच्या वेगाने पळू शकतो, माणूस झाडीत तेवढा पळूच शकत नाही. उतारावर हत्तीला पळता येत नाही, असं गावागावात सांगतात. ते खोटं आहे. आपल्या सह्याद्रीच्या उतारावर वाढलेलं जनावर आहे ते.

शेतं आणि नदी

जंगलाबाहेरची शिवारंही हत्तीचीच वाट आहे. २००२ च्या सुमारास याच बाजूचे हत्ती तिलारीकडून सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात उतरले, पुढे चंदगड-आजऱ्यापर्यंत गेले. काळी नदीवरच्या सुप्याच्या धरणात जुनं सुपा गाव बुडालं तसं जंगलही बुडालं. कालवे, रस्ते, खाणी झाल्या. बाहेर ऊस आणि केळी वाढली. जुनी वाट तुटल्यावर जनावर नवी शोधणारच. म्हणून शिवारात फोटोसाठी बांध ओलांडू नका. सौर कुंपणाचा झटका जीव घेत नाही, पण काही जण चोरून थेट विजेची तार सोडतात. त्यात हत्ती मरतात आणि माणसंही. संध्याकाळनंतर कुठल्याही तारेला हात लावू नका. आणि रात्रभर मचाणावर जागलेल्या शेतकऱ्याला "हत्ती दिसला का हो?" असं हसत विचारू नका.

काळी नदीत उतरायच्या आधी दोनदा विचार करा. सुप्याच्या वीजघरातून पाणी सोडलं की पात्र बघता बघता भरतं, आणि दांडेलीच्या खालच्या अंगाला मगरी आहेत. राफ्टिंग करायचंच तर गणेशगुडीला, परवानाधारकाबरोबर, जॅकेट घालून.

परतल्यावर

घरी आलात की कपडे आत न नेता गरम पाण्यात टाका आणि अंग नीट तपासा: काखा, कंबर, गुडघ्यामागे, कानामागे. जानेवारी ते मे हा गोचिडांचा हंगाम. त्यांच्यापासून माकडताप होतो. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात तो पहिल्यांदा ओळखला गेला आणि २०१६ साली आपल्या दोडामार्गातही त्याने माणसं घेतली. जाताना पायजमा मोज्यात खोवा, कीटकरोधक मलम लावा, पाचोळ्यावर बसू नका. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता वन खात्याला कळवा. अंगाला गोचीड चिकटली असेल तर चिरडू नका. चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढा, साबणाने धुवा.

पुढच्या आठ-दहा दिवसांत थंडी वाजून ताप, डोकं फुटल्यासारखं दुखणं, अंगदुखी झाली, तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हे सांगा: "मी दांडेलीच्या जंगलात जाऊन आलोय."